समोर येऊन बोला

सासू गेली तेव्हा पाट कोरडा होता, त्यामुळे सगळं गाव घरी येऊन बसलं. पंधरा दिवसांनी पाट सुटला, जो तो आपापल्या पाळीच्या मागे लागला आणि घरात तिघंच राहिली. पाटकरी, त्याचा मुलगा आणि सून. मुलगा गवंडी होता. आसपासच्या गावांत भिंती बांधायला जायचा. सकाळी गेला की दिवेलागणीला परत.

पाटकऱ्याचं काम पाणी वाटायचं. तलावाचं पाणी मोठ्या पाटाने वेशीपर्यंत यायचं, तिथे लोखंडी दार होतं. त्या दाराची हातभर लांब किल्ली पाटकऱ्याच्या खांद्यावर असायची. दाराखाली बावीस शेतं. कोणाला कोणत्या वारी, किती वेळ पाणी, हे सगळं त्याच्या डोक्यात. सत्तावीस वर्षांत त्याच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. सख्खा भाऊ असता तरी याने पाळीशिवाय ओंजळभर पाणी दिलं नसतं, असं लोक म्हणायचे. काही कौतुकाने, काही चिडून.

सासू कायम त्याच्याबरोबर पाटावर जायची. गावात त्यावरून चेष्टा व्हायची. तिला एक सवय होती. समोरचा जे बोलेल ते ती नवऱ्याकडे तोंड करून मोठ्याने पुन्हा म्हणायची. "होय का, शुक्रवारची पाळी शनिवारी पाहिजे का?" पोरं तिला 'दोनदा' म्हणायची. तिच्या कानावर ते गेलं होतं. "एकदा सांगून या गावात कोणाला कळतं?" असं म्हणून ती हसायची.

सुनेचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत सासऱ्याशी तिचं थेट बोलणं फारसं झालंच नव्हतं. काही विचारायचं तर सासूला सांगायचं, आणि उत्तर सासूकडूनच यायचं. सासू गेल्यावर ती ताट वाढून समोर ठेवायची, तो जेवायचा, हात धुऊन किल्ली उचलायचा. दुःख आहे, बोलवत नसेल, असं तिला वाटलं. गावाला मात्र वेगळं वाटू लागलं. "हाक मारली तरी ओ देत नाही. बायको गेली आणि माणूस शिष्ट झाला."

पाटाच्या अगदी टोकाला ज्याचं शेत, त्याला सगळे शेवटचा म्हणत. पाण्यातही शेवटचा, बोलण्यातही शेवटचा. त्याच्या बायकोला दम्याचा त्रास होता. एका शनिवारी तो सायकलवरून घरी निघाला होता आणि पाटकरी दारापाशी बसून आट्यांना ग्रीस लावत होता. शेवटच्याने पाय न टेकता जाता जाता सांगितलं, "आबा, सोमवारी हिला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. माझी पाळी बुधवारी टाका." पाटकऱ्याने वर बघून मान हलवली. सायकल पुढे गेली.

सोमवारी सकाळी पाटकऱ्याने नेहमीप्रमाणे शेवटच्याचं पाणी सोडलं. शेतात दारं धरायला, म्हणजे पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायला, कोणी नव्हतं. पाणी वाफ्यांत भरलं, वाफे तुडुंब झाले, मग बांधाच्या उंदराच्या बिळात शिरलं आणि दुपारी बांध फुटला. बांधाखाली वीटवाल्याचं आवार होतं. तिथे आठ हजार कच्च्या विटा रांगा लावून वाळत होत्या, दोन दिवसांनी भट्टीत जायच्या. त्या पडल्या नाहीत, विरघळल्या. आधी कोपरे गेले, मग खालचा थर बसला, आणि वरच्या विटा त्याच्यावर हळूहळू टेकल्या. वीटवाला आणि त्याची बायको घमेल्यांनी पाणी उपसत होती, पण वरून येणारं थांबेना. कोणीतरी धावत जाऊन पाटकऱ्याला दार बंद करायला लावलं, तोपर्यंत आवारात नुसता लाल चिखल उरला होता.

संध्याकाळी शेवटचा बायकोला घेऊन परतला, तेव्हा दारापाशी पंधरा-वीस माणसं जमली होती. सून सासऱ्यासाठी चहाची किटली घेऊन आली होती, ती मागेच थांबली.

"मी शनिवारीच सांगितलं होतं," शेवटचा म्हणाला. "विचारा त्यांनाच. मान हलवली होती त्यांनी."

वीटवाल्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते आणि तो वाळून पांढरा पडला होता. तो पाटकऱ्याच्या पुढ्यात आला. "याने सांगितलं होतं का तुला?"

एकाच वेळी चार जण बोलत होते. पाटकऱ्याने याच्या तोंडाकडे, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे माहीत असून सोडलंस?"

पाटकऱ्याने पुन्हा मान हलवली.

वीटवाला वळला आणि चालू लागला. सुनेच्या हातात किटली तशीच राहिली. आबांनी होकार का दिला, हे तिला कळेना. सासऱ्याचा चेहरा तिने नीट पाहिला. काही उमज न पडलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शेताच्या मालकाने, ज्याला सगळे वरचा म्हणत, पहारीने दाराचं कुलूप तोडलं. "पाटकरी मनाला येईल तेव्हा पाणी सोडणार, तर मी का वाट बघू?" त्याचं पाहून दुसऱ्याने पाटाचा काठ फोडून आपल्या शेतात चारी काढून घेतली, मग तिसऱ्याने. पाटकऱ्याने किल्ली घरात आणून खुंटीला टांगली आणि तो ओसरीवर बसून राहिला.

दहा दिवसांत वरच्या चार शेतांत पाय रुतेल इतकं पाणी झालं, पिकं पिवळी पडली. खालच्या दहा शेतांत जमिनीला बोट जाईल अशा भेगा पडल्या. पाटातला गाळ दरवर्षी घरटी एक माणूस येऊन काढायचा. यंदा ठरलेल्या दिवशी तीनच माणसं आली, एकमेकांकडे पाहून फावडी खांद्यावर टाकून परत गेली. पाण्यावरून दोन चुलतभावांत हाणामारी झाली, एकाचं मनगट मोडलं. मनगट मोडलेला गावचा लोहार होता. त्यामुळे ऐन हंगामात विळ्यांना धार लावायलाही कोणी राहिलं नाही.

घरालाही त्याची झळ लागली. सून पिठाच्या गिरणीत गेली की तिचा डबा रांगेतून मागे सरकायचा. एकदा ती बोलली, तर गिरणीवाली म्हणाली, "तुला कसली घाई? पाळ्या तर तुमच्याच घरातून निघतात." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवरा शाळेच्या भिंतीवर काम करत होता, तिथला मुकादम वीटवाल्याचा साडू. त्याने सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. नवरा भर दुपारी घरी आला, थापी आणि ओळंबा कोपऱ्यात ठेवला आणि बापाकडे न बघता आत जाऊन पडला.

"तुम्ही त्यांना विचारा तरी," ती म्हणाली.

"काय विचारू? लहानपणापासून विचारतोय. तो माणूस उत्तर देतो का कधी?"

दोन दिवसांनी सून घासलेली भांडी आत नेत होती. पाटकरी ओसरीवर पाठमोरा बसून कुदळीचा दांडा तासत होता. तिच्या हातून पातेल्यांची चळत सुटली आणि फरशीवर खणखणत सगळीकडे गेली. शेजारचं कुत्रं भुंकलं. आतून नवरा ओरडला, "काय झालं?" पाटकऱ्याचा रंधा एका लयीत चालत राहिला. एक पातेलं घरंगळत त्याच्या पायाला लागलं, तेव्हा तो दचकला.

सुनेने ते पातेलं उचललं. मग ती पुन्हा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "आबा, घराला आग लागलीय."

रंध्यातून एक लांब सालपट निघालं आणि गोल होऊन खाली पडलं.

ती समोर जाऊन बसली. पदर नीट केला. "तुम्हाला ऐकू येत नाही ना, आबा?"

पाटकऱ्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. रंधा बाजूला ठेवला. "हळू बोल," तो म्हणाला. "म्हणजे आवाज हळू नको. तोंड हळू हलव."

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं. आधी डावा गेला. मग दुसराही."

"सासूबाईंना माहीत होतं."

"तिच्याशिवाय चाललं असतं का?" तो म्हणाला. "लोक तिला हसायचे. ती म्हणायची, हसू देत."

"आपण सांगू लोकांना. त्यात काय लाज?"

आता त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "बहिऱ्याच्या हातात पाणी कोण देईल? लबाड म्हणाले तर उद्या विसरतील. बहिरा म्हणाले की संपलं. ओसरीवर बसवतील आणि माझ्याबद्दल माझ्याच देखत बोलतील. माझ्या बापाचं तसंच झालं."

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी चार वर्षं त्याच्यावर चिडत होतो," आणि कूस बदलली.

सांगायचं नाही असं सासऱ्याने बजावलं होतं, तरी सुनेला स्वस्थ बसवेना. ती शेवटच्याच्या घरी गेली. त्याची बायको उशांना टेकून बसली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. खोलीत औषधाचा आणि बंद कपड्यांचा वास होता. दार उघडलेलं पाहून तिला इतका आनंद झाला की सुनेला अवघडल्यासारखं झालं.

"तुझी सासू दोन दिवसांआड यायची," ती अडखळत बोलत होती. "पाठ चोळून द्यायची. गावातलं सगळं सांगायची, तेही दोनदा. ती गेली, मग हे भांडण. आता कोणी येत नाही. औषधं घेते, पण बोलायला कोणी नसलं की दम जास्त लागतो. डॉक्टर हसले, पण खरं आहे ते."

सुनेने तेल मागून घेतलं आणि तिची पाठ चोळू लागली. पाठीचं एकेक हाड हाताला लागत होतं. शेवटचा शेतातून आला आणि तिला पाहून दारातच उभा राहिला.

"काका, शनिवारी तुम्ही थांबून सांगितलं होतं का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"सायकलवरून उतरून?"

"उतरायला काय धाड भरली होती... नाही उतरलो. पण माझं बोलणं त्यांनी कानामागे टाकलं हे खरं."

सून हात पुसून घरी आली आणि शनिवारचं सगळं तिने आबांना समोर बसून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटकऱ्याने किल्ली खुंटीवरच ठेवली, फावडं घेतलं आणि वीटवाल्याच्या आवारात गेला. मागोमाग मुलगा आणि सून. वीटवाला पाहत राहिला. पाटकरी म्हणाला, "आठ हजार. तेवढ्या पाडून देतो." आणि चिखलात उतरला.

वीटवाल्याला नको म्हणायचं होतं. पण भट्टीचे दिवस निघून चालले होते आणि नवरा-बायको दोघांच्या हाताने काम उरकणार नव्हतं. त्याने साचे फेकले, अगदी त्यांच्या पायांशी.

काम साधं आणि मोडून काढणारं होतं. माती फोडायची, त्यात भुसा आणि राख, मग पाणी, मग पायांनी तुडवायचं. मुलगा आणि बाप तुडवायचे, सून गोळे करून साच्यात आपटायची, वरचा चिखल हाताने निपटून साचा उचलायची. वीट जमिनीवर ओली, चकचकीत उभी राहायची. शंभर झाल्या की कंबर आपली राहायची नाही. दोनशेला तळहाताची साल निघाली. दुपारी ती सावलीत बसली तेव्हा बोटं मिटत नव्हती; वीटवाल्याच्या बायकोने न बोलता तेलाची वाटी पुढे सरकवली.

पहिल्या दिवशी चारशे झाल्या. दुसऱ्या दिवशी सहाशे. तिसऱ्या दिवशी शेवटचा फावडं घेऊन आला. "माझाच बांध फुटला," तो कोणाकडे न बघता म्हणाला आणि माती फोडायला लागला.

वीटवाला रागीट होता, पण त्याहून जास्त बोलका होता. किती दिवस गप्प बसणार? चौथ्या दिवशी तो पाटकऱ्याच्या मागे रांगा लावता लावता बोलू लागला. आधी टोमणे, मग जुन्या आठवणी, मग भट्टीच्या तक्रारी. तासभर बोलला. शेवटी म्हणाला, "अरे, हूं तरी म्हण. मी काय भिंतीशी बोलतोय?" पाटकरी पाय उचलून चिखल तुडवत राहिला.

वीटवाला थांबला. हातातली वाळलेली वीट त्याने दुसऱ्या विटेवर आपटली. मग मोठ्याने टाळी वाजवली. त्याची बायको वळली, शेवटचा वळला, झाडावरचे कावळे उडाले. पाटकरी तुडवत होता. सुनेने साचा खाली ठेवला आणि मान खाली घातली.

"पोरी," वीटवाला तिला म्हणाला, "हे कधीपासून?"

तिच्या आधी मुलगाच म्हणाला, "चार वर्षं."

"आणि त्या दिवशी दारापाशी मी विचारलं ते?"

"काही ऐकू आलं नव्हतं त्यांना."

शेवटचा मातीच्या ढिगावर खाली बसला. "आणि मी सायकलवरून..." एवढंच म्हणाला.

पाटकऱ्याला हालचाल थांबलेली जाणवली. त्याने मागे वळून पाहिलं. पाचही जण त्याच्याकडे बघत होते. कळायला वेळ लागला नाही. तो चिखलातून बाहेर आला, पाय न धुता, फावडं तिथेच टाकून घरी निघून गेला. रस्त्यावर त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत गेले.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी वीटवाला ओसरीवर आला. पाटकऱ्याने तोंड फिरवलं. वीटवाला दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. पाटकऱ्याने पुन्हा तोंड फिरवलं. असं तीनदा झालं. शेवटी वीटवाल्याने त्याचा गुडघा धरला.

"विटा अजून सहा हजार राहिल्यात," तो तोंड मोठं करून म्हणाला. "कान लागत नाहीत त्याला. चल."

पाटकऱ्याच्या तोंडावर नाही म्हटलं तरी थोडं हसू आलं.

रविवारी शाळेच्या पटांगणात बैठक बसली. खालच्या शेतकऱ्यांनीच ती बोलावली होती. आता खबर सगळीकडे पोचली होती आणि जो तो दबक्या आवाजात बोलत होता, ज्याची काहीच गरज नव्हती. वरचा उभा राहिला. "मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण बहिऱ्या माणसाकडे दार कसं ठेवायचं? उद्या आणखी कोणाचं काही वाहून गेलं म्हणजे?"

सून आणि मुलगा सासऱ्याच्या दोन बाजूंना बसले होते. सुनेने सांगायला तोंड उघडलं, पण पाटकऱ्याने तिच्या हातावर हात ठेवला. त्याने वरच्याचे ओठ वाचले होते. तो उठला.

"मी लपवलं," तो म्हणाला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. तो किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं. "ती माझी चूक. भीती वाटली. बायको होती तोपर्यंत तिने सांभाळलं. ती गेल्यावर मी अंदाजाने मान हलवत राहिलो. विटा गेल्या त्या माझ्यामुळे. दार कोणाकडे द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी किल्ली घेऊन आलोय." त्याने किल्ली पुढ्यात ठेवली. "पण बावीस पाळ्या मला पाठ आहेत. आणि मला काही सांगायचं असेल तर समोर येऊन बोला. एवढंच मागतो."

तो उभाच राहिला. कोणी बोलतंय का, हे कळायला तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

लोहार उठला. मनगटाला पट्टी, हात गळ्यात. "कान चांगले असलेल्या माणसांनी या महिन्यात काय केलं ते माझ्या हाताला विचारा," तो म्हणाला आणि खाली बसला. मागच्या बाजूला कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. वरचा हसला नाही.

दोन तास वादावादी झाली. काहींना तरणा माणूस हवा होता. पण तरणा कोण, यावर कोणा दोघांचंही जमेना. ज्याचं नाव घ्यावं त्याचं कोणाशी तरी वाकडं निघायचं. शेवटी असं ठरलं की किल्ली पाटकऱ्याकडेच राहील, पाळ्यांची पाटी दारावर टांगायची, पाळी बदलायची असेल तर स्वतः येऊन खडूने लिहायची. सून रोज सकाळी दारावर जाईल. पाटी तिच्या ताब्यात. वरच्याने, कुलपाचं काय, असं विचारल्यावर लोहार म्हणाला, एका हाताने होईल तेवढं मी करतो, दुसरा हात तुझा. वरच्याने नाइलाजाने मान डोलावली.

सोमवारी गाळ काढायला एकोणीस घरांतली माणसं आली. तिघं आली नाहीत, पण त्यातल्या एकाच्या बायकोने सगळ्यांसाठी चहा पाठवला. मुलाला शाळेच्या भिंतीवर परत बोलावणं आलं; तो म्हणाला, विटा संपल्या की येतो.

एक अडचण उरली होती. पाणी टोकाला पोचलं की टोकाचा माणूस हाक मारायचा, ती हाक शेतावरून शेतावर पुढे जात दारापर्यंत यायची आणि मग पाटकरी दार खाली घ्यायचा. कान गेल्यावर ती हाक बायकोच त्याला सांगायची; ती गेल्यावर तो अंदाजानेच दार खाली घेत होता. आता दीड कोसावरून काय करणार? शेवटच्याची बायको अंथरुणावरून म्हणाली, "हात वर करा की. डोळे आहेत ना त्यांना."

पहिल्या पाळीच्या दिवशी पाणी निघालं ते दुपार टळताना टोकाला पोचलं. शेवटचा वाफ्यात गुंतला होता. त्याची बायको काठी टेकत, थांबत थांबत बांधापर्यंत आली होती. घरात बसून कंटाळा आला म्हणाली. भेगांत पाणी शिरताना तिने पाहिलं. श्वास जुळवला आणि हात वर केला.

एकविसाव्या शेतातल्या माणसाने तो पाहिला आणि आपला हात वर केला. मग विसाव्यातल्याने. खालच्या आवारातून वीटवाल्यानेही फावडं उंच धरलं. दोन चुलतभावांचे बांध शेजारी शेजारी. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, पाहावंच लागलं, आणि हात वर केला. खालून वर, दाराच्या दिशेने, एकेक हात उठत गेला. कोणालाही मागच्याकडे बघितल्याशिवाय पुढे सांगता येत नव्हतं. पहिल्या शेतात वरचा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याने वळून खाली पाहिलं. पाटाच्या काठाने टोकापर्यंत माणसं हात वर करून उभी होती, आणि त्याचा हात वर होईपर्यंत कोणी आपला खाली करणार नव्हतं.

त्याने हात वर केला.

पाटकऱ्याने किल्ली फिरवली आणि दार खाली घेतलं.